कुंडीचं बूच

आमच्या लातुरात पाण्याचा विषय निघाला की माणूस आपोआप आवाज खाली आणतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, पाणी 5 लाख लिटर. तेव्हापासून आमच्या आईचं मोजमाप बदललं. तांब्या लवंडला तरी "सांडलास का वाघीणभर?" असं ऐकावं लागतं. अशा घरात मी गच्चीवर बाग करायला घेतली, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

मूळ चूक मातीची. गावाकडनं रानातली काळी माती पोत्यानं आणली. जिच्यात कापूस येतो तिच्यात मोगरा का येणार नाही, हा माझा युक्तिवाद. पण ही माती तापली की आकसते. एप्रिल संपेतोवर कुंडीची कड आणि माती यांच्यात बोटभर फट पडली. वरून ओतलेलं पाणी मुळांना रामराम न करता त्या फटीतून सरळ खाली, आणि भोकातून गच्चीवर. आईनं ते वाहतं पाणी बघितलं. "आरं, झाडाला पाणी घालायलास का गच्ची धुवायलास?"

म्हणून मी सगळ्या कुंड्यांच्या भोकांना चिंध्यांची बुचं मारली. एकवीस कुंड्या, जुन्या दोन बनियनी. आत दाबायला लाटणं वापरलं, ते घरात अजून माहीत नाही. त्या शोधाचा मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या काकांना वर बोलावून दाखवला. काका बराच वेळ बघत राहिले आणि "चांगलंय" म्हणाले. लातूरकर माणूस कौतुक असंच करतो, किंवा काळजी तरी.

मग मे. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या नळाला हात लावला तर पाणी चहाचं आधण. एकदा घाईत तेच कोथिंबिरीवर ओतलं. कोथिंबीर जागच्या जागी शिजली. टोमॅटोला फुलं येत आणि गळत. पारा 35 च्या वर गेला की त्याला फळ धरवत नाही, आणि आमच्याकडं तो सकाळी दहालाच तिथं पोचलेला. एकट्या मोगऱ्याला ऊन मानवलेलं. बाकीच्यांसाठी हिरवी जाळी बांधली, ती वळवाच्या वाऱ्यानं काकांच्या डिशवर नेऊन घातली. त्यांचा सामना गेला, माझी भेंडी गेली. दोघांनीही विषय काढला नाही.

पाण्याची सोय मात्र बैजवार होती. दुष्काळात लोक बाजेवर बसून अंघोळ करायचे आणि खाली घमेलं ठेवायचे. आईनं ते घमेलं जपून ठेवलेलं. आता बाज गेली, घमेलं बागेच्या सेवेत. तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, कूलरच्या तळातलं पाणी, सगळं त्याच्यात. पाहुणा अर्धा ग्लास पाणी ठेवून उठला की मी आणि आई दोघंही एकदम ग्लासाकडं बघायचो.

25 मेला रोहिणी लागली, कोरडी गेली. मृगाच्या दुसऱ्या दिवशी मात्र संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि असा पाऊस पडला की मी गच्चीत उभं राहून मनसोक्त भिजलो. झाडं भिजली. घमेलंही भरलं. रात्री झोप अशी लागली म्हणता!

सकाळी वर गेलो तर एकवीस कुंड्यांची एकवीस तळी. बुचं! दोन महिने आकसलेली काळी माती आता फुगून काठाला चिकटलेली, वर चार बोटं पाणी, आणि त्यात तुळस मान टाकून उभी. कुंडी तिरकी करून बूच ओढावं तर बनियनची चिंधी निम्मी हातात, निम्मी आत. विळ्याच्या टोकानं उकरत बसलो. एका कुंडीच्या काठावर शंखी गोगलगाय आरामात बसलेली. 2022 साली हिच्या जातीनं आमच्या भागातलं सोयाबीन कोवळ्यातच फस्त केलं होतं. माझी बाग म्हणजे तिला बडीशेप.

एकेक कुंडी कलती करत पाणी घमेल्यात काढलं. पुन्हा पाऊस सुरू. घमेलं काठोकाठ. खालचे पिंप भरलेले, बादल्या भरलेल्या, स्वयंपाकघरात पातेलीसुद्धा भरलेली. आई जिन्याच्या दारात पोतं पांघरून उभी. मी घमेलं उचलून पन्हाळीपर्यंत गेलो. तिथं थांबलो.

"वत की रं आता," आई म्हणाली, पण तिचाही आवाज बारीकच.

मी तसाच वळलो. आईनं बाजूला होऊन जिन्याची वाट दिली, आणि खाली जाऊन आम्ही दोघं रिकामं भांडं शोधायला लागलो.