25 मिनिटांचा टायमर आणि चालढकल

विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: ‘मेंदू 25 मिनिटांपेक्षा जास्त एकाग्र राहूच शकत नाही. 25 मिनिटं अभ्यास, 5 मिनिटं मोबाइल. 21 दिवसांत चालढकल कायमची जाईल.’ मी स्वतः टायमर लावूनच अभ्यास करते, म्हणून हा मेसेज मला जास्त खटकतो. मुलं आठवडाभर करून बघतात, जमलं नाही की खोट आपल्यातच आहे असं समजून सोडून देतात.

मुळात 25 ही मेंदूची मर्यादा नव्हेच. 1980च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागेना. त्यानं टोमॅटोच्या आकाराचा, स्वयंपाकघरात वापरतात तसला टायमर घेतला आणि स्वतःशीच पैज लावली. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणतात, 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं सुट्टी या पद्धतीचं नाव त्यावरून पडलं. ती पैज होती 10 मिनिटांची, आणि तीसुद्धा त्याला लगेच जिंकता आली नाही! 25चा आकडा पुढे वापरून वापरून ठरला. तेव्हा ज्याला दहाच मिनिटं जमतात त्यानं दहाच लावावीत. आणि एखादं गणित रंगात आलं असेल, तर केवळ घंटा वाजली म्हणून पेन खाली ठेवायची सक्ती नाही, असं माझं मत.

21 दिवसांचं म्हणाल तर प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी 1960 मध्ये लिहिलं होतं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला ‘किमान’ 21 दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ गळून पडला. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी प्रत्यक्ष तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18 तर कुणाला 254. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडतही नाही.

मोबाइलची सुट्टी मात्र खरोखर घातक. एका कामातून दुसऱ्यात जाताना थोडं लक्ष मागेच रेंगाळतं, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं. रील बघून वहीकडे वळलं की मन अजून तिकडेच असतं. त्या पाच मिनिटांत उठा, पाणी प्या, खिडकीशी उभे राहा. आणि अभ्यास चालू असताना ‘तिला फोन करायचाय’ असं आठवलं तर शेजारच्या चिठ्ठीवर दोन शब्द खरडा. चिरिल्लोही असंच टिपून ठेवायला सांगतो.

राहिली चालढकल. ती वेळेच्या हिशेबातून येत नाही. मानसशास्त्रज्ञ फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी 2013 मध्ये मांडलं की नकोशी भावना टाळण्यासाठी आपण काम टाळतो. जमणार नाही ही भीती, किंवा नुसता कंटाळा. घड्याळ ती भीती घालवत नाही, फक्त ‘एवढीच दहा मिनिटं’ म्हणून तिला लहान करतं. त्यासाठी कामही तेवढंच लहान हवं. ‘भौतिकशास्त्र’ असं लिहून टायमर लावला की मी पहिली पाच मिनिटं पानंच उलटत बसते. ‘उतारावरच्या ठोकळ्याची आकृती, बाणांसकट’ असं लिहिलं की हात लगेच पट्टीकडे जातो. वजनाचा बाण खाली, आधाराचा उताराला काटकोनात, आणि घंटा वाजते. उठण्याआधी मी पेन्सिलीनं कडेला लिहून ठेवते: ‘आता घर्षणाची दिशा’. परत आले की तिथूनच सुरू.