पाल डोळे वटारत नाही

परवा रात्री शेजारच्या काकूंनी फडा उचलला. पहिला पाऊस पडून गेलेला, बल्बभोवती वाळवीच्या पाखरांचा नुसता धिंगाणा, आणि छपरीच्या भिंतीवर एक पाल. "पाय ना बापू, कशी डोये वटारून पाह्यते मेली!"

मी फडा काढून घेतला. अहो, तिला पापणीच नाही, तर मिटणार काय? सापासारखं पारदर्शक आवरण असतं डोळ्यावर. धूळ बसली की जिभेने पुसते. कवेलूच्या घरात धूळ काय कमी आहे?

मग काकूंना टॉर्चच्या उजेडात तो डोळा दाखवला. अंधारात काळीभोर गोल असलेली बाहुली आकसत उभी फट होते, आणि शेवटी एकाखाली एक चार बारीक टिकल्या उरतात. आपली बाहुली आकसून साधारण 15 पट लहान होते. ईशान्य भारतातल्या टोके पालीची 300 पट! इतका नाजूक डोळा दिवसाच्या उजेडात जपायचा तर एवढं हवंच.

नाजूक का, तर पालींचे पूर्वज दिवसा हिंडणारे. अंधारात पाहायला लागणाऱ्या दंडपेशी त्यांनी केव्हाच गमावल्या होत्या. पुढे पाली रात्रीच्या शिकारीला लागल्या, तेव्हा रंग ओळखणाऱ्या शंकुपेशीच मोठ्या आणि संवेदनशील होत गेल्या. म्हणून त्यांना रात्रीही रंग दिसतात. वायव्य आफ्रिकेतल्या एका पालीवर स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या लीना रॉथ आणि अल्मुट केल्बर यांनी प्रयोग केला, 2004 साली. अंधुक चांदण्याएवढ्या उजेडात तिने निळा आणि करडा बरोबर वेगळा ओळखला. रंग पाहण्यात तिचा डोळा आपल्यापेक्षा 350 पट संवेदनशील निघाला. लाइट गेल्यावर दोरीवरचं निळं लुगडं आपल्याला राखाडीच दिसतं ना?

आणि विषाचं म्हणाल, तर जगातली एकही पाल विषारी नाही. तरी आपण फडा उचलतो, चप्पल मारतो. मला याचा खरंच राग येतो.

सातपुड्यात जाड शेपटीची, पट्ट्यापट्ट्यांची एक पाल आहे, सातपुड्याच्याच नावाने 2014 मध्ये शास्त्रात नोंदली गेलेली. तिला पापण्या आहेत, ती डोळे मिटते. पण तिच्यासारख्या पालीही लोक विषारी समजून ठेचतात. मेळघाटाकडच्या मित्रांनो, रात्री शेतातून येताना अशी दिसली तर दोन मिनिटं थांबा, आणि तिला जाऊ द्या.