लाईट चालू आहे!

बाबांची मारुती ८०० १९९९ ची आहे. पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी ग्रीन टॅक्स भरून तिचं पासिंग करून आणतात आणि आरटीओतून घरी येतात ते पोरगी बोर्डात पास झाल्यासारखे. अशा गाडीतला टेप बंद पडला (आमच्याकडे कॅसेट जाऊन वीस वर्षं झाली तरी तो टेपच) तेव्हा मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो की ब्लूटूथवाला नवीन आणतो आणि मीच बसवतो. नाना पेठेतला इलेक्ट्रिशियन बसवायचे पाचशे मागत होता. पाचशे वाचवायचे म्हणून मी मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, सोल्डरगन आणि टेपपट्ट्या मिळून साडेनऊशेची खरेदी तपकीर गल्लीत करून आलो.

तसं बघायला गेलं तर काम सोपं असतं. टेपचा खण जगभर एकाच मापाचा, १८० बाय ५० मिलीमीटर, त्याला सिंगल डिन म्हणतात आणि ते डिन म्हणजे जर्मनांची मानकं ठरवणारी संस्था. हे मला मावसबहिणीने सांगितलं, पुण्यात प्रत्येक खानदानात मॅक्सम्युलर भवनला जर्मन शिकलेलं एकजण असतंच. वायरींचे रंगही ठरलेले. पिवळी म्हणजे कायम करंट, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल म्हणजे चावी फिरवली की करंट. काळी म्हणजे अर्थिंग. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी आणि जांभळी मागचे, आणि या चौघींना काळी रेघ असलेली एकेक जोडीदारीण. निळी वायर एरियल आपोआप वर येतो अशा गाड्यांसाठी. आमचा एरियल बाबा खाली उतरून हाताने ओढतात, त्यामुळे निळी मी आदराने गुंडाळून ठेवली.

पण हे सगळं टेपच्या बाजूला! गाडीच्या बाजूला काय आहे हे खणात हात घातल्यावर कळलं. आतापर्यंत या गाडीत तीन टेप होऊन गेलेत, एक कॅसेटचा, एक सीडीचा, एक पेनड्राइव्हचा, आणि प्रत्येक इलेक्ट्रिशियनने त्या दिवशी दुकानात ज्या रंगाचं बंडल उघडं होतं ती वायर ओढली आहे. कपलर म्हणजे वायरी जोडायचे खटके वगैरे भानगड नाही, सगळं पिळून चिकटपट्टी मारलेलं आणि त्या पट्टीची आता काकवी झालेली. एक हिरवी वायर होती ती दोन इंचावर लाल होत होती आणि पुढे जाऊन पांढरी. शिवाय आत एक एक्स्प्रेसवेची टोलची पावती, एक जिलेटिनच्या कागदातच विरघळलेलं चॉकलेट आणि चार आणे सापडले. चार आणे २०११ साली चलनातून गेले, आमच्या डॅशबोर्डला कोणी कळवलं नव्हतं.

बाबा वीज मंडळातून रिटायर झालेत. म्हणजे घरात आयता एक्स्पर्ट, असं तुम्हाला वाटेल. ते खुर्ची घेऊन पार्किंगमध्ये बसले आणि मी काही विचारलं की म्हणायचे, "मी अकरा हजार व्होल्टचा माणूस. हे बारा व्होल्ट डीसी, हे माझं खातं नाही." फक्त खोका हातात घेऊन त्यांनी एक गोष्ट केली. खोक्यावर ५० वॅट गुणिले ४ असं ठळक लिहिलेलं होतं आणि मागे फ्यूज १० अँपिअरचा. "बारा गुणिले दहा एकशेवीस. हे दोनशे वॅट आणणार कुठून, बिल कोण भरतंय?" एवढं बोलून खोका परत दिला.

पहिल्या रविवारी मला चावीवर चालणारी वायर काही सापडली नाही, म्हणून मी लाल आणि पिवळी दोन्ही कायमच्या करंटला एकत्र पिळल्या. टेप चालू! बाबा खूश, लगेच एक चक्कर मारून आले. आता अशा जोडणीत चावी काढली तरी टेप बंद होत नाही, तो बटण दाबून बंद करावा लागतो, हे मी त्यांना सांगितलं होतं असं माझं म्हणणं आणि सांगितलं नव्हतं असं त्यांचं. त्यांनी आवाज शून्यावर आणला आणि वर आले. मंगळवारी सकाळी गाडी नुसती टिक. मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका धक्का मारतोय आणि बाबा आत बसून हिशोब करतायत, "३५ अँपिअर-अवरची बॅटरी, एक अँपिअर धरला तर पस्तीस तास, बरोबर आहे, गेलीच पाहिजे."

दुसरा रविवार स्पीकरमध्ये गेला. जुन्या टेपवाल्याने स्पीकरची एकच वायर ओढलेली, दुसरं टोक सरळ बॉडीला अर्थ. तेव्हाच्या टेपला ते चालायचं, नव्यात स्पीकरची कुठलीच वायर अर्थला लागू द्यायची नाही, नाहीतर आतला अँप्लिफायर उडतो, म्हणून दोन्ही दारांपर्यंत नवीन वायर खेचली, मॅट उचलून, दाराच्या रबरातून, हात सोलून घेत. मग लावला तर आवाज मोठा पण पोकळ, तबला ऐकूच येईना, गाणारा माणूस गाडीत नसून शेजारच्या बिल्डिंगमध्ये असावा असं वाटत होतं. एका स्पीकरची प्लस मायनस उलटी झाली की असं होतं, एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघांचा बेस एकमेकांत मरतो. यावर उपाय म्हणजे पेन्सिल सेल घेऊन वायरींना नुसता टेकवायचा, पडदा बाहेर उसळला की सेलचं प्लस तेच स्पीकरचं प्लस. सेल मी हॉलमधल्या घड्याळातून काढला. त्यामुळे आईची मालिका अर्धा तास हुकली आणि त्या रात्री जेवताना कोणी कोणाशी बोललं नाही. (दोष करड्या वायरीचा होता.)

तिसऱ्या रविवारी मी चावीवर चालणारी वायर शोधलीच! संध्याकाळ झालेली, पार्किंगमधली ट्यूब गेलेली, कोणी स्कूटर आणून ठोकू नये म्हणून गाडीचे पार्किंग लाईट लावून ठेवले होते. टेस्ट लॅम्प एका नारिंगी वायरीला लावला, चावी ऑन, दिवा लागला. चावी बंद, दिवा बंद. परत ऑन, लागला. मी खुर्चीवरच्या बाबांना सॅल्यूट ठोकला, सोल्डर केलं, स्लीव्ह चढवली, वर दोन वेढे पट्टी, सगळं इतकं नीटनेटकं की फोटो काढला. मग तो गुच्छ आत ढकलून टेप खणात ठोकून बसवला, पत्र्याच्या चौकटीचे कान वाकवून, परत निघू नये असा.

सोमवारी सकाळी बाबा भाजी आणायला निघाले तर टेप मेलेला. मी खाली गेलो, फ्यूज बघितला, चांगला. रात्री परत लावून बघतो तर गातोय! दोन दिवस असंच चाललं, दिवसा मौन आणि रात्री मैफल, आई म्हणाली यात काहीतरी शिरलंय. तिसऱ्या दिवशी माझं लक्ष माझ्याच डाव्या-उजव्या हाताकडे गेलं. माझ्या हाताला सवय आहे, उजव्याने चावी बंद करताना डावा लाईट बंद करतो आणि चालू करतानाही तसंच. ती नारिंगी वायर चावीची नव्हतीच, ती पार्किंग लाईटबरोबर येणारी, डॅशबोर्डवरचे बारके दिवे पेटवणारी वायर होती. म्हणजे आमच्या गाडीत लाईट लावले तरच गाणं वाजतं.

मी म्हटलं परत खोलतो. बाबा म्हणाले हात लावायचा नाही.

आता ते भर दुपारी बारा वाजता लाईट लावून हिंडतात. पुण्यात तुम्हाला पत्ता कोणी धड सांगणार नाही, पण दिवसा लाईट चालू असला की अख्खं शहर तुमची काळजी घेतं, समोरून येणारा प्रत्येकजण पाच बोटं उघडून मिटून दाखवतो. बाबाही प्रत्येकाला तशीच बोटं उघडून मिटून उत्तर देतात, त्यांना वाटतं लोक ओळख दाखवतायत. परवा अलका चौकात सिग्नलला ट्रॅफिक हवालदार काचेशी आला.

"काका, लाईट चालू आहे."

"माहितीये, गाणी ऐकतोय."

त्याने आत वाकून टेपकडे बघितलं, मग लाईटच्या दांड्याकडे, मग बाबांकडे. म्हणाला, "मग वायपरला काय जोडलंय, एसी?"

घरी येऊन बाबांनी पिशवी ठेवायच्या आधी मला विचारलं, "वायपरची वायर खरंच मोकळी आहे का रे?"