नळीवरचे ‘९५ टक्के’ नेमके कशाचे?

सीडीके२ हे पेशीविभाजनाला हातभार लावणारं, इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम; प्रयोगांसाठी ते नळीत तयार मिळतं. त्याच्याबद्दल जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो: ‘रिकॉम्बिनंट मानवी सीडीके२ माणसाच्या पेशींतून काढतात. नळीवर ९५ टक्के शुद्धता लिहिली असेल, तर ९५ टक्के रेणू काम करतात. आणि जे रसायन त्याला रोखतं, ते कॅन्सरच्या पेशीलाही रोखतं.’ तिन्ही विधानं चूक आहेत. सर्वांत जास्त नुकसान मधल्या विधानाने होतं.

पहिलं आधी. रिकॉम्बिनंट म्हणजे जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं; यात मानवी असतो तो फक्त जनुकाचा क्रम. प्रथिन सहसा तयार होतं ई. कोलाय जिवाणूत, नाहीतर बॅक्युलोव्हायरस (कीटकांचा विषाणू) वापरून कीटकांच्या पेशींत. मुद्दा छोटा आहे, पण ते कुठे तयार झालं यावर पुढचं बरंच ठरतं.

आता ते ९५ टक्के. शुद्धता सहसा जेलवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, पाहतात. नळीत इतर प्रथिनं किती आहेत, एवढंच त्यातून कळतं. सीडीके२ची २९८ अमिनो आम्लांची साखळी एकटी असताना जवळजवळ निष्क्रियच असते. सायक्लिन ए किंवा ई हे जोडीदार प्रथिन तिला येऊन चिकटलं की तिचं एक हेलिक्स (पिळाच्या आकाराचा भाग) आत सरकतं आणि क्रियास्थळ, म्हणजे जिथे प्रत्यक्ष क्रिया घडते ती जागा, नीट जुळतं. १९९५मध्ये सायक्लिन ए-सह तिची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा हे स्पष्ट दिसलं. तरीही पूर्ण वेग येत नाही. त्यासाठी साखळीतल्या १६०व्या जागेवरच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडला जावा लागतो. आपल्या पेशीत हे काम सीडीके७ हे दुसरं एन्झाइम करतं, जिवाणूत ते नसतंच. त्यामुळे ई. कोलायमधलं, सायक्लिनविना आलेलं सीडीके२ कितीही शुद्ध असलं तरी चाचणीसाठी वापरतात त्या हिस्टोन एच१ या प्रथिनावर त्याचा प्रभाव जेमतेम दिसतो. कीटकांच्या पेशींत असा फॉस्फेट जोडणारं एन्झाइम असतं; जिवाणूत यीस्टचं सीएके१ हे तसंच एन्झाइम सोबत बनवून घेतलं तरी ही उणीव भरून निघते. याउलट १४व्या जागेवरच्या थ्रिओनिनवर आणि १५व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट असेल, तर सायक्लिन असूनही काम अडतं.

पहिल्यांदाच हा प्रयोग करणारी मुलं कोरा निकाल पाहून आपलाच हात चुकला असं धरून बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. माहितीपत्रकात आधी तीन गोष्टी शोधा: सायक्लिन सोबत आहे का, प्रथिन कोणत्या पेशीत बनलं, आणि दर मिनिटाला दर मिलिग्रॅममागे किती नॅनोमोल फॉस्फेट जोडला जातो. जीएसटीची शेपटी (शुद्धीकरण सोपं व्हावं म्हणून जोडलेलं दुसरं प्रथिन) असेल तर वजनाचंही भान ठेवा. ती सुमारे २६ किलोडाल्टनची आणि सीडीके२ सुमारे ३४चं, म्हणजे मोजून घेतलेल्या प्रथिनातलं ४० टक्क्यांहून जास्त वजन शेपटीचंच.

राहिलं कॅन्सरचं. एटीपी म्हणजे फॉस्फेट पुरवणारा रेणू; त्याच्या जागी बसणाऱ्या रसायनाला एटीपीशी झुंजावं लागतं. नळीत एटीपी बहुधा मायक्रोमोलरमध्ये घेतात, पेशीत तो मिलिमोलरमध्ये, म्हणजे कितीतरी जास्त, असतो. त्यामुळे नळीत चमकलेलं रसायन पेशीत फिकं पडू शकतं. शिवाय २००३मध्ये सीडीके२चं जनुक काढून टाकलेले उंदीर जगले, वाढले. नर-मादी दोन्ही वांझ निघाले, एवढंच. त्यांच्या पेशींचं विभाजन सीडीके२विनाही चालू राहिलं, कारण त्याचं बरंच काम सीडीके१ हे त्याच कुटुंबातलं एन्झाइम सांभाळू शकतं.