धुऱ्यावरचं डुक्कर

तात्यांचा आणि माझा धुरा एकच आहे. म्हणजे कागदावर एक आहे. जमिनीवर तो दर उन्हाळ्यात, नांगरट झाली की, नव्या जागी सापडतो.

धुरा म्हणजे बांध, हे पुण्याकडच्या मंडळींसाठी सांगून ठेवतो. आमच्या आजोबांच्या काळात या धुऱ्यावरून बैलगाडी जायची म्हणतात. वडिलांच्या काळात डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली बाई जायची. माझ्या काळात मांजर जातं, तेही दोन पाय तात्यांच्या सोयाबीनमध्ये टाकून.

मी लातूरला शाळेत गणित शिकवतो आणि शनिवार-रविवार शेतकरी असतो. त्यामुळे धुऱ्याचा हिशेब मी एकदा नीट मांडला होता. धुरा ६६० फूट लांब. ट्रॅक्टरवाल्यानं वर्षाला नुसता अर्धा फूट आत घेतला, तरी ३३० चौरस फूट जातात. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे सव्वातीन वर्षांत एक गुंठा गायब, आणि कुणाच्या बापाला पत्ता नाही. हेच गणित मी नावं वगळून आठवीच्या वर्गाला घातलं. मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "सर, पण पलीकडचा बी कोरणारच की." त्याला पैकीच्या पैकी दिले. घरची शेती असणार.

आम्ही मोजणी केली नाही असं नाही. मोजणीदार आले, त्यांनी उपग्रहाशी बोलणारा दांडा रोवला. तात्या कमरेवर हात ठेवून वर आभाळाकडं बघत म्हणाले, "त्याला वरनं काय दिसायलंय? धुरा तर खाली हाय." पण उपग्रह बिचारा प्रामाणिक निघाला. त्यानं हद्दीची खूण बरोबर धुऱ्यावरच्या बाभळीच्या बुंध्यात दाखवली. म्हणजे अर्धी बाभळ त्यांची, अर्धी माझी. आता बाभळीच्या फांद्या गट नंबर बघून फुटत नाहीत. त्यामुळे मोजणीआधी आमचं भांडण फक्त जमिनीचं होतं, मोजणीनंतर ते सरपणाचंही झालं.

२०२३ मध्ये सरकारनं 'सलोखा' नावाची योजना काढली. एकाचं शेत दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या, असं बारा वर्षं चाललेलं असेल तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करून घ्या म्हणाले. आमचं प्रकरण त्यात बसत नव्हतं, तरी मी ती बातमी तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, मनात काही पालवलं तर बघावं म्हणून. तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "दोन हजारात मिटवायचं? वकिलालाच आजवर चाळीस दिलेत की मी."

तर अशा या धुऱ्यावर डुकरांची वहिवाट सुरू झाली.

रानडुकरं आमच्याकडं पूर्वी एवढी नव्हती. पाणी आलं तसा ऊस आला आणि उसाबरोबर डुकरं आली. उसाचा फड म्हणजे त्यांना भरल्या घरासारखा. दहा-बारा महिने सावली, गारवा, खायला कांडं, आत माणूस शिरत नाही. मादी एका वेताला चार-सहा पिलं टाकते आणि कुणी बारशाला येत नाही. मग दिवाळीच्या आसपास कारखान्याची तोड सुरू झाली की फड मोकळे होतात आणि सगळं कुटुंब बेघर होऊन आमच्या हरभऱ्यात उतरतं. भुईमूग असेल तर सोंडेनं तास असा उकरतात, की एकाही ट्रॅक्टरवाल्याला इतकी सरळ ओळ जमणार नाही. खातात पावशेर, नासतात क्विंटलभर.

उपाय सगळे करून झाले. आधी न्हाव्याच्या दुकानातून केस आणून शेताच्या कडेनं टाकले. केसाच्या वासानं डुकरं पळतात म्हणे. पहिल्या रात्री पळाली. दुसऱ्या रात्री आली आणि केसात लोळून गेली. मग साड्या. आमच्या भागात हरभऱ्याच्या दिवसांत फिरलात तर शेतांना जुन्या साड्यांचं कुंपण दिसेल. लांबून वाटतं कुणाचं तरी लग्न आहे. आमच्याही शेताला बायकोच्या बारा साड्या बांधल्या. त्याचा परिणाम डुकरांवर झाला नाही, घरावर झाला. "मोरपंखी काढली व्हय तुम्ही? माझ्या माहेरची?" हे वाक्य अजून दर श्रावणात ऐकतो. वर तात्यांनी तक्रार केली, की साडीचा पदर वाऱ्यानं त्यांच्या हद्दीत उडतो.

मग भोंगा आणला, बॅटरीवरचा. त्यात कुत्र्यांचं भुंकणं भरलेलं. रात्रभर तो भुंकला, त्याला गावातली खरी कुत्री उत्तर देत राहिली, सकाळी वस्तीवरची तीन माणसं माझ्या शेतात आली आणि भोंग्याची वायर काढून परत गेली. झटक्याची मशीन बसवणारे बसवतात. पण काही महाभाग थेट खांबावरची लाईन तारेत सोडतात, आणि मग डुकराऐवजी त्यांचाच भाऊ नाहीतर बैल चिकटतो. तो विषय विनोदाचा नाही, पुढं जातो.

राहिली बंदूक. तात्यांकडं वडिलोपार्जित ठासणीची आहे, पीक संरक्षणाच्या परवान्याची. तात्यांच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात काय काय मारलं याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकतो. त्यातलं काळवीट दर वर्षी एक वीतभर मोठं होतं. पण बंदुकीचं आता असं झालंय, की निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. लोकसभा झाली, विधानसभा आली. मग जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. तात्या म्हणतात, "बंदूक माझी हाय, पण ऱ्हाती ठाणेदाराकडं. म्या आपला अधूनमधून भेटून येतो."

आणि हातात असती तरी काय? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानडुक्कर आहे. आधी तिसऱ्या अनुसूचीत होतं, २०२२ च्या दुरुस्तीनं दुसरीत गेलं, म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत बढती झाली. मला पंधरा वर्षांत झालेली नाही. बिनपरवाना मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते. मात्र परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारच्याच मालकीचं. मी एकदा तात्यांना हे समजावलं, की डुक्कर मेलं की सरकारचं. ते म्हणाले, "आन् जितं असताना?" मी म्हणालो, तेव्हा आपलं. अतिक्रमणाच्या गुन्ह्यालाही म्हणे हेतू सिद्ध करावा लागतो. डुकराचा हेतू तर माझ्या हरभऱ्यात सोंडेनं लिहिलेला होता, फक्त सही नव्हती.

मार्गशीर्षातली गोष्ट. रविवारी सकाळी सहाला सालगड्याचा फोन.

"गुरुजी, डुक्कर मरून पडलंय."

"कुठं?"

"धुऱ्यावर."

"कुणाच्या बाजूला?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मधीच पडलंय जी. तोंड तात्यांकडं हाय, मागलं आपल्याकडं."

मी मोटारसायकल काढली. पोचलो तर तात्या आधीच आलेले. एरवी तात्या धुऱ्यावर उभे राहतात ते एक पाय माझ्याकडं ठेवूनच, मालकीचा सराव राहावा म्हणून. आज ते त्यांच्या शेतात चांगले दहा-बारा पावलं आत उभे होते. मीही आपसूक माझ्या शेतात तितकाच मागं थांबलो. मध्ये बाभळीखाली ते डुक्कर, चांगला दीड क्विंटलचा गडी, सुळ्यांना चिखल लागलेला, अंगावरचे राठ केस दवानं ओले. त्याच्या कानाजवळ एक चिमणी हरभऱ्याचा घाटा टोचत होती. आमचा धुरा इतका रुंद मी जन्मात पाहिला नव्हता.

"काय करायलाव गुरुजी सकाळी सकाळी?" तात्या तिकडून ओरडले.

"आलो बघायला. तुमच्या धुऱ्यावर काय पडलंय म्हणून."

"माझ्या?" तात्यांनी छातीवर हात ठेवला. "हा धुरा माझा कवापासून झाला?"

"बाभळीपर्यंत तुमचाच की. मागं तुम्हीच म्हणाला होता."

"म्या रागात म्हणलो असंन. बाभळीची खूण तुमच्याकडं आली की मोजणीत. उपग्रह खोटं बोलंल का?"

वीस वर्षांत तात्यांनी पहिल्यांदा उपग्रहाची बाजू घेतली. आणि मीही कमी नाही. ज्या धुऱ्याच्या वीतभर मातीसाठी मी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, तो मी त्या सकाळी तात्यांना मुळासकट, बाभळीसकट, हराळीसकट बहाल करत होतो आणि ते घ्यायला तयार नव्हते.

अकराच्या सुमारास वनरक्षक आले. तरणा पोरगा, पायात बूट, हातात पंचनाम्याचे कागद. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "जागा कुणाची?"

"त्यांची," आम्ही दोघं एकदम म्हणालो आणि एकमेकांकडं बोट केलं.

गावातली पाच-पंचवीस माणसं जमली होती. त्यात आमच्या भांडणाच्या दोन्ही बाजूंचे जुने साक्षीदार होते. तहसीलदारापुढं ज्यांनी शपथेवर सांगितलं होतं की बांध पूर्वापार गुरुजींचाच, ते आता डोकं खाजवत म्हणाले, "नीट ध्यानात न्हाई सायेब, पण तात्याचाच असंन." तात्यांचे साक्षीदारही आमच्या बाजूनं वळले होते. अशी मनं एका रात्रीत बदललेली मी फक्त सरपंच निवडीच्या आदल्या दिवशी पाहिली होती.

जबाब झाले. माझा जबाब मी माझ्याच हातानं, स्वच्छ अक्षरात लिहिला: "सदर बांध हा बाभळीच्या झाडासह शेजारील खातेदार यांच्या प्रत्यक्ष वहिवाटीत असून त्यावर माझा कोणताही हक्क अगर दावा नाही." खाली सही. सही करताना वडील आठवले, पण केली. तात्यांचा जबाब वनरक्षकानं लिहून घेतला: बांध, बाभळ, वहिवाट सगळं गुरुजींचं. तात्यांनी ठळक सही ठोकली. त्या पोरानं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून दोनदा वाचले.

"म्हणजे बांध कुणाचाच नाही?"

"सरकारचा लिहा की," तात्या म्हणाले. "डुक्कर सरकारचं, बांध बी सरकारचा. एका जागी बसतंय."

ज्या माणसानं शेतसारा कधी वेळेत भरला नाही, त्याच्या तोंडून सरकारला झालेलं हे पहिलं दान.

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. पोट फुगलेलं असलं तर विष, अंगावर भाजल्याची खूण असली तर करंट, अशी गावानं निदानं आधीच करून ठेवली होती. तात्यांच्या बंदुकीचीही आठवण दोघांनी काढली, पण ती त्या वेळी नेहमीप्रमाणं ठाण्यात होती. डॉक्टरांनी तपासलं. उजवीकडच्या चार बरगड्या मोडलेल्या, आत रक्त साठलेलं. रात्री हायवेला कुठल्या तरी गाडीनं उडवलं असणार आणि ते बिचारं तशा अवस्थेत दोन किलोमीटर चालत येऊन आमच्या धुऱ्यावर पडलं. सगळं शिवार मोकळं असताना त्याला मरायला हीच जागा सापडली.

प्रश्न उरला जाळायचं कुठं. पुन्हा दोघांची बोटं वर झाली. शेवटी गायरानात नेलं. सरपणासाठी बाभळीच्या फांद्या तोडाव्या लागल्या. कुणाच्या बाजूच्या, हे कुणी विचारलं नाही. आजवरच्या इतिहासात ही एकच वेळ.

अपघात म्हटल्यावर गावाचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी तात्या घराकडं जाताना धुऱ्यावरून गेले. मी बघत होतो. बाभळीपाशी ते थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि एक पाय हळूच माझ्याकडं ठेवला.

दहा-बारा दिवसांनी येळवस आली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगडाचे पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि माठभर आंबील. त्या दिवशी कुणी कुणाच्याही शेतात शिरावं, जेवावं. बोलावलं तर नाही म्हणता येत नाही. वर्षभर ज्याला धुऱ्यावर पाय ठेवू दिला नाही त्यालाही.

तात्यांनी बोलावलं. मी गेलो. काकूंनी भज्जी वाढली, वरून तेल सोडलं. जेवणं झाल्यावर तात्या गडव्यात आंबील घेऊन "ओलगे ओलगे" करत पिकाभोवती शिंपत निघाले. मी मागं मागं. धुऱ्याशी आल्यावर त्यांनी बाभळीच्या बुंध्यावर चूळभर आंबील टाकली, थोडं थांबून माझ्या बाजूलाही टाकली. मग आंबिलीचा पेला माझ्या हातात देत म्हणाले,

"गुरुजी, त्या दिशीचा माझा जबाब. त्याची झेरॉक्स काढली का हो तुम्ही?"

"काढली," मी म्हणालो. "आणि माझ्या जबाबाची तुम्ही?"

"म्या बी काढली." त्यांनी मिशीला लागलेली आंबील पुसली. "लॅमिनेशन करून आणलंय."

"कुठं केलं?"

"लातूरला. बसस्टँडसमोर."

मी पेला तोंडाला लावला. माझंही तिथंच केलेलं आहे.