प्रतिक्रियेला उत्तर : कॅमिन्स्कीनं नेमकं काय शोधलं?

नमस्कार. डॅन कॅमिन्स्की या संगणक-सुरक्षा संशोधकाच्या कारकिर्दीवरच्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. २००८ मध्ये त्यानं डीएनएसवरचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवरचा, एक हल्ला दाखवून दिला. रँडम सोर्स पोर्टची युक्ती (प्रत्येक प्रश्न वेगळ्या, अंदाज न येणाऱ्या पोर्ट क्रमांकावरून पाठवायचा) डॅनियल बर्नस्टाईन यांनी त्यांच्या डीजेबीडीएनएस या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये आधीच वापरली होती, मग २००८ चं श्रेय कॅमिन्स्कीला कशाला? आणि डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करणारं डीएनएससेक आल्यावर हा विषय शिळा झाला.

बर्नस्टाईन यांचा उल्लेख लेखात हवाच होता. तो आज जोडतो. पण उपाय आधीचा म्हणून हल्लाही आधीचा ठरत नाही.

जुना हिशेब असा. रिझॉल्व्हरच्या (आपल्या वतीनं नावाचा पत्ता शोधून आणणाऱ्या सर्व्हरच्या) प्रश्नावर १६ बिटांचा ट्रान्झॅक्शन आयडी असतो, म्हणजे ६५,५३६ शक्यता. पोर्ट ठरलेला असेल, तर हल्लेखोरानं खऱ्या उत्तराच्या आधी, एवढा आयडी जुळणारं खोटं उत्तर पोचवलं की झालं. एका फेरीत १०० खोटी पॅकेटं वेळेत पोचली असं धरा. सरासरी ६५५ फेऱ्यांत एकदा डाव साधतो. पण फेरी हुकली की खरं उत्तर कॅशमध्ये (रिझॉल्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात) बसतं, आणि टीटीएल (ते तिथे टिकण्याची मुदत) ८६,४०० सेकंद असेल तर पुढची संधी थेट उद्या. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षं! टीटीएलच आपल्याला वाचवतो, ही समजूत त्यातूनच रुजली होती.

कॅमिन्स्कीनं तीच मोडली. मुख्य नाव विचारायचंच नाही. त्या डोमेनखालचं, अस्तित्वात नसलेलं, दर वेळी नवं नाव विचारायचं. ते कॅशमध्ये असणं शक्यच नाही, त्यामुळे रिझॉल्व्हरला प्रत्येक वेळी बाहेर जावंच लागतं आणि फेऱ्या एकामागून एक लागतात. खोटं उत्तर म्हणतं : मला ठाऊक नाही, अमक्या नेमसर्व्हरला (डोमेनमधल्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारा, हा घ्या त्याचा पत्ता. नेमसर्व्हरचं नाव त्याच डोमेनमधलं, म्हणून बेलिविक तपासणीही (उत्तरातली माहिती विचारलेल्या डोमेनबाहेरची तर नाही ना, ही पडताळणी) त्याला अडवत नाही. एक पॅकेट लागू पडलं की अख्खं डोमेन हातचं गेलं.

आणि नंतरचं काम मला तितकंच मोठं वाटतं. ३१ मार्च २००८ ला मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या मुख्यालयात १६ जणांची बैठक, ८ जुलैला अनेक कंपन्यांचे पॅच एकाच दिवशी. पोर्टचा उपाय निवडला, कारण पॅच उघडून पाहिला तरी भोक नेमकं कुठे आहे ते कळत नाही. तरी २१ जुलैला तपशील फुटलाच.

डीएनएससेकबद्दल : रूट झोनवर (डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पातळीवर) १५ जुलै २०१० ला सही झाली, पण डॉट कॉममधली बहुतांश नावं आजही सहीविना आहेत. तिथे भिस्त पोर्टवरच. ती दोन ठिकाणी ढासळते. एक, बाइंड या डीएनएस सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये फायरवॉलच्या सोयीसाठी क्वेरी-सोर्स या सेटिंगला कायमचा बांधलेला पोर्ट ५३. पॅच लावूनही तो तसाच राहतो. दुसरं, नॅट, म्हणजे आतल्या यंत्रांचे पत्ते आणि पोर्ट बाहेर जाताना बदलणारी सोय. रिझॉल्व्हर पोर्ट विखुरतो, पण काही नॅट उपकरणं ते क्रमानं लावून बाहेर सोडतात. म्हणून टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पॅकेटं टिपणारं साधन) रिझॉल्व्हरवर चालवून भागत नाही. तो नॅटच्या बाहेरच्या बाजूला लावा, वीसेक नवी नावं विचारा आणि सोर्स पोर्टचे आकडे वाचा. ओळीनं चढत असतील, तर रिझॉल्व्हर नॅटमागून काढा.