‘त्यास्ना घरमा येड शे’: सोयरिकीच्या एका मेसेजला उत्तर

लग्नसराई जवळ आली की आमच्या भाऊबंदकीच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. यंदा तो अण्णांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: स्किझोफ्रेनियाचा (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा) जीन, म्हणजे जनुक, सापडला आहे. हा आजार 80 टक्के आनुवंशिक, म्हणून ज्या घरात एक रुग्ण त्या घरातली पोरगी करू नका, करायचीच तर आधी डीएनए तपासा. एकाला जसं वेड लागतं तसंच पुढच्याला लागतं. अशा घरांशी सोयरीक टाळली तर दोन-तीन पिढ्यांत रोग संपेल. आणि रक्तातलाच असल्यामुळे औषधाचा काही उपयोग नाही. खाली जोडलेले हात आणि ‘समाजहितासाठी पुढे पाठवा’.

मी अमळनेर तालुक्यात ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझ्या सख्ख्या काकांना हा आजार आहे. तेव्हा अण्णा, राग मानू नका, पण मेसेजातली एकेक ओळ धरून बोलणं मला भाग आहे.

‘जीन सापडला.’ एक नाही सापडला, ढिगाने सापडले. 2022 साली 76,755 रुग्ण आणि 2,43,649 इतर माणसांच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा 287 जागी फरक दिसले. यातला एकेकटा फरक धोका अगदी किंचित वाढवतो, आणि असे कितीतरी फरक तुमच्या-माझ्या अंगातही आहेत. काही दुर्मीळ बदल मात्र जोरकस असतात. 22 व्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा जन्मतः गळालेला असला, तर अशा चारांपैकी साधारण एकाला पुढे हा किंवा याच्या जवळचा आजार होतो. उरलेल्या तिघांना होत नाही. आणि शंभर रुग्ण तपासले तर त्यांत हा बदल असलेला एकही बहुधा निघायचा नाही.

‘80 टक्के आनुवंशिक.’ इथे थोडं थांबावं लागेल, कारण आकडा खरा आहे आणि अर्थ खोटा.

आपल्या शिवारातली कपाशी डोळ्यांसमोर आणा. एकच काळी जमीन, एकाच विहिरीचं पाणी, खताची मात्रा सारखी, पण बियाणं चार वाणांचं मिसळलेलं. झाडाझाडांच्या उंचीत जो फरक पडेल तो बहुतेक बियाण्याचा. म्हणून ‘फरकातला 80 टक्के वाटा बियाण्याचा’ असं म्हणता येतं. पण एखाद्या झाडाशी उभं राहून ‘याची 80 टक्के उंची बियाण्याने दिली, 20 टक्के पाण्याने’ असं कोणताही शेतकरी म्हणणार नाही. पुढच्या साली पावसाने दगा दिला तर सगळंच पीक गुडघ्याएवढं राहील, आणि झाडाझाडांतला फरक तेव्हाही बियाण्याचाच असेल. जुळ्यांच्या अभ्यासांतून निघालेला 80 हा आकडा असा फरकाचा आहे. तो कुणाच्या पोरीच्या कपाळावर लिहिलेला धोका नाही.

धोक्याचे आकडे वेगळेच. सर्वसाधारण लोकांत शंभरात सुमारे एक. आई किंवा बाप आजारी असेल तर शंभरात दहाच्या आसपास. पुतण्या-भाच्यांत तीन-चार. एकसारख्या जुळ्यांपैकी एक आजारी असेल, तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमी, रक्त तेच असूनही! शिवाय बहुतेक रुग्णांच्या आईबापांना हा आजार नसतोच. बाकीचा वाटा बाळंतपणातली गुंतागुंत, गर्भारपणातली उपासमार, गांजा अशा गोष्टींचा. गांजावर मेसेजात एक अक्षर नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

काकांमुळे माझ्या धाकट्या बहिणीची दोन स्थळं मोडली. ती आता 31 ची आहे. हा आजार बहुतेकांत विशीत उमटतो, म्हणजे ते तीन-चारसुद्धा तिच्या बाबतीत बरेच ओसरले. ज्या ‘स्वच्छ’ घरात मुलाकडच्यांनी नंतर सोयरीक केली, तिथेही शंभरात एक होताच.

डीएनए तपासणीचं दोन वाक्यांत आटोपते. सगळे बारीक फरक जोडून जो गुणांक काढतात तो माणसामाणसांतल्या धोक्याच्या फरकातला 7 टक्क्यांच्या आसपासच भाग सांगतो, आणि त्यामागची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने आपल्याकडे तो आणखी लंगडा पडतो. निदान आजही डॉक्टर रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच करतात.

‘एकाला जसं, तसंच पुढच्याला.’ काकांना विहिरीवरच्या मोटारीच्या घरघरीत आजोबांचा आवाज येतो, ‘पाणी तोड, वाफा भरला.’ आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. हे शब्द कुठल्या जनुकात असतील? तान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी चेन्नई, घानातलं अक्रा आणि अमेरिकेतलं सॅन मॅटेओ इथल्या वीस-वीस रुग्णांना त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं. अमेरिकनांना बरेचदा हिंसक, परके आवाज ऐकू येत होते. चेन्नईत बरेचदा नात्यातलेच कुणी बोलायचे, घरकाम सांगायचे, रागवायचे. लोकांच्या लक्षात हे आवाजच राहतात. काकांचं खरं नुकसान मात्र गप्प झालं: माणसांत बसणं गेलं, हिशेब सुटला. जनुकीय गुणांकाचा थोडाफार संबंध दिसतो तो या मंदावण्याशी आणि विचारशक्तीशी, तोही फिका. आणि यातले कितीतरी जनुकीय फरक बायपोलर आजारातही (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येण्याच्या) सापडतात. एकाच घरात दोघांना दोन वेगळे आजार होऊ शकतात, किंवा एकालाच होतो आणि बाकी घर ठणठणीत राहतं.

‘सोयरीक टाळली की रोग संपेल.’ हा प्रयोग होऊन गेलाय, अण्णा. नाझी जर्मनीने 1933 साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यात हा आजार नावानिशी होता. पुढे थेट हत्याही झाल्या. अभ्यासकांच्या अंदाजाने या आजाराचे दोन लाखांहून अधिक रुग्ण नसबंदीत किंवा हत्याकांडात सापडले. युद्धानंतर तिथे नव्या रुग्णांचं प्रमाण मुळीच घटलं नाही. घटणार कसं? ते बारीक फरक सगळ्या लोकांत विखुरलेले, आणि काही बदल तर आईबापांत नसताना मुलात नव्याने होतात.

राहिलं औषध. मेंदूत डोपामाइन नावाचं निरोप पोचवणारं रसायन असतं. या आजारावरच्या बहुतेक गोळ्या त्याचा निरोप घेणाऱ्या एका ‘ग्राहका’वर (रिसेप्टरवर) काम करतात. 2014 च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात 108 जागा निघाल्या, त्यांतली एक नेमकी त्याच ग्राहकाच्या जनुकाशी होती. म्हणजे जनुकांचा शोध औषधाच्या विरोधात नाही, बाजूने साक्ष देतो. सुरुवातीचे महिने उपचाराविना गेले तर पुढचं बरं होणं अवघड होतं, हेही पक्कं ठाऊक आहे. आमच्याकडे ते महिने गेलेच. आधी भगत झाला, मग ‘गावात कळलं तर पोरींचं कसं होईल’ म्हणून लांबच्या शहरातला डॉक्टर. बहिणीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी काकांना डबा देऊन मळ्यात पाठवलं होतं. संध्याकाळी ते परतले तर डबा तसाच भरलेला.

आता ते रात्रीची गोळी स्वतः घेतात, जेवण झाल्यावर, आठवण न करता. पट्ट्या कापून गोळ्या आई एका डबीत ठेवते. डबीवर अजून कॅल्शियमचं लेबल आहे.